पठारावरचे शरणपूर

मार्च १९४३. मध्य फ्रान्समधल्या लिमोझ शहराजवळ सें-पोल देझो नावाची एक नजरकैदेची छावणी होती. आतले बहुतेक कैदी कम्युनिस्ट. त्यांच्यात महिन्याभरापूर्वी तीन प्रॉटेस्टंट माणसे आणून टाकली होती, दोन पाळक आणि एक मुख्याध्यापक. एके दिवशी छावणीच्या प्रमुखाने तिघांना कचेरीत बोलावून सांगितले की, तुमच्या सुटकेचा हुकूम आला आहे. फक्त एका कागदावर सही करायची होती. राष्ट्रप्रमुख मार्शल पेताँ यांचा मान राखू आणि सरकारचे हुकूम पाळू, असा त्याचा आशय.

मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांनी सही केली. ते सरकारी शाळेतले नोकर होते आणि त्यांना कोणी बोल लावला नाही. आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेइस या दोन पाळकांनी मात्र कागद वाचून परत केला. विवेकाला न पटणारे हुकूम आम्ही पाळत नाही, यापुढेही पाळणार नाही, मग पाळू म्हणून सही कशी करायची, एवढेच त्यांचे म्हणणे. प्रमुखाला ही माणसे वेडी वाटली. दोघे बराकीत परतले. दुसऱ्या दिवशी वरून पुन्हा हुकूम आला आणि त्यांना सहीविना सोडण्यात आले.

शेवट सुटकेत झाल्यामुळे ही गोष्ट थोडी गोड वाटते. पण कागद परत करताना उद्याचा हुकूम त्यांना ठाऊक नव्हता. तेइस यांच्या घरी मुलींचा गोतावळा होता, त्रोक्मे यांना चार मुले होती. ते वर्ष असे होते की, छावणीतून माणूस कुठे जाईल हे सांगता येत नव्हते.

हे दोघे आले होते ल शाँबों-सुर-लिन्यों या गावातून. आग्नेय फ्रान्समध्ये, ओत-ल्वार जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर एक पठार आहे. पाइनची दाट राने, काळपट दगडी घरे, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारे रस्ते, आणि बर्फ उडवत येणारा तो बोचरा वारा, ज्याला तिथले लोक ‘ब्युर्ल’ म्हणतात. कॅथलिक फ्रान्समध्ये हे पठार प्रॉटेस्टंटांचे. या लोकांना ह्युगेनॉ म्हणतात, आणि त्यांच्या आठवणी लांबच्या आहेत. १५९८ मध्ये नान्तच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मोकळीक मिळाली होती. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले. मग पाळकांना हद्दपारी किंवा फाशी, गुपचूप भरवलेल्या उपासनेत सापडलेल्या पुरुषांना राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची सक्तमजुरी, आणि बायकांना तुरुंग. पठाराला लागून असलेल्या व्हिव्हारे प्रांतातली मारी द्युराँ ही तरुणी १७३० साली एग-मोर्तच्या बुरुजात कोंडली गेली ती १७६८ साली बाहेर पडली. अडतीस वर्षे. या अडतीस वर्षांतल्या कोणत्याही दिवशी, मी माझा पंथ सोडला, एवढे ती म्हणाली असती तर दार उघडले असते. त्या बुरुजाच्या दगडात ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आजही दिसतो. तो तिनेच कोरला असे परंपरा सांगते. पठारावरच्या मुलांना ही कहाणी घरातल्या म्हाताऱ्यांकडून कळत असे. सरकार चुकू शकते, हे त्यांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तरीही नुसत्या आठवणी कोणाला दार उघडायला लावत नाहीत. छळ सोसलेल्यांचे वंशज दुसऱ्याच्या छळाकडे पाठ फिरवताना इतिहासात पुष्कळ दिसतात. इथे तसे का झाले नाही, याची काही कारणे अगदी व्यवहारातली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेंत-एत्येनसारख्या शहरांत कोळशाच्या धुरात राहणाऱ्या गरीब मुलांना उन्हाळ्यात या पठारावर हवापालटासाठी पाठवण्याची प्रथा होती. शेतकरी त्यांना घरात ठेवून घेत. खानावळी, भाड्याच्या खोल्या, मुलांची वसतिगृहे असा सगळा पसारा गावात तयार होता, आणि एका छोट्या रेल्वेने तो खालच्या जगाशी जोडलेला होता. परकी पोरे गावात दिसली तर कोणाच्या भुवया उंचावत नसत. पुढे जे घडले त्याला या सवयीचा फार आधार मिळाला.

त्रोक्मे या गावात १९३४ साली आले, तेही थोडे नाइलाजाने. ते युद्धविरोधी होते, आणि पहिल्या महायुद्धात लाखो जवान गमावलेल्या देशात बंदूक हाती घ्यायची नाही म्हणणारा पाळक कोणत्याही मोठ्या मंडळीला नको होता. त्यांचा जन्म १९०१ चा, सें-काँतँचा, आई जर्मन. पहिल्या युद्धात ते शहर जर्मनांच्या ताब्यात होते. तिथे या किशोरवयीन मुलाची गाठ किंडलर नावाच्या एका जर्मन सैनिकाशी पडली. त्याने भुकेल्या पोराला खायला देऊ केले आणि सांगितले, मी तुझा शत्रू नाही, मी शस्त्र बाळगत नाही. तो तारायंत्र चालवायचा, आणि बंदुकीशिवाय मोर्च्यावर जाण्याची परवानगी त्याने आपल्या अधिकाऱ्याकडून मिळवली होती. ख्रिस्ताने मारायला मनाई केली आहे, त्याचा अर्थ सरळ आहे, असे तो म्हणे. त्रोक्मे यांचा पुढचा सारा विचार त्या ओळखीतून निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

पत्नी माग्दा वेगळ्या घडणीची होती. जन्म फ्लॉरेन्सचा, वडील इटालियन, आईकडून रशियन वंश. आंद्रे धर्मशास्त्रात बुडालेले, भावनेने उसळणारे. माग्दाला धार्मिक भाषेचा कंटाळा. समोरच्याला थंडी वाजते आहे की नाही, त्याने खाल्ले आहे की नाही, हे तिला आधी दिसे. तेइस हे तिसरे. अबोल, डोंगरासारखे धिप्पाड, आणि १९३८ साली गावात सुरू झालेल्या ‘एकोल नूव्हेल सेव्हनोल’ या शाळेचे प्रमुख.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाँबोंच्या दगडी प्रार्थनामंदिरात दोघा पाळकांनी मिळून लिहिलेले निवेदन वाचले गेले. देश शोकात होता, आणि चर्चमध्ये जमलेल्यांना दिलासा हवा होता. पाळकांनी त्यांना काम दिले. आपल्या विवेकावर जबरदस्ती होईल तेव्हा आत्म्याच्या शस्त्रांनी तिला विरोध करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, शुभवर्तमानाविरुद्ध आज्ञा झाली तर ती मोडायची, आणि हे भीती न बाळगता, पण द्वेषही न ठेवता करायचे, असा त्याचा सारांश. तोवर ज्यूंविरुद्ध एकही कायदा निघालेला नव्हता. पहिला फ्रेंच कायदा निघाला ३ ऑक्टोबरला, आणि तोही जर्मनांच्या हुकमाने नव्हे, व्हिशी इथल्या पेताँ सरकारने आपणहून काढला.

सोसण्याची तयारी ही गोष्ट उपदेशात फार सोपी असते. चांगले करून दुःख भोगा, असे सांगणाऱ्या वचनांचा स्रोत म्हणजे नव्या करारातले पेत्राचे पहिले पत्र. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या, उपरे म्हणून जगणाऱ्या लोकांना ते लिहिलेले आहे. गुन्हा करून मार खाल्ला तर त्यात कसली फुशारकी, भले करून मार खाल्ला आणि तो सोसला तर ते देवाला पसंत, असे ते म्हणते. पुढे सुमारे ११२ साली याच बिथुनियात सुभेदार असलेला प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो की, ख्रिस्ती असल्याच्या संशयावरून आणलेल्यांना मी तीनदा विचारतो, आणि तिसऱ्यांदाही ‘होय’ म्हणणाऱ्यांना ठार करायला पाठवतो. नाही म्हणून देवांपुढे धूप जाळला की सुटका. म्हणजे तिथेही एका शब्दाचाच प्रश्न होता.

पण या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती उपदेशक बहुधा पटकन उरकतात. राजा आणि त्याचे अधिकारी यांच्या अधीन राहा, असेही तेच पत्र सांगते. व्हिशीच्या काळात देशभरच्या पुष्कळ चर्चनी तेवढाच भाग ऐकला. मार्शल पेताँ म्हणजे वयोवृद्ध वीर, कुटुंब आणि धर्म यांचे नाव घेणारा. त्याला विरोध कशाला? शाँबोंच्या पाळकांनी दोन्ही भाग एकत्र वाचले. अधिकाऱ्याला मारायचे नाही, त्याच्याशी खोटे वागायचे नाही, तो घरी आला तर त्याला जेवू घालायचे. पण पाप करायला सांगेल तेव्हा नाही म्हणायचे, आणि त्याबद्दलची शिक्षा टाळायची नाही. या वाचनातून जे वागणे निघते ते विचित्र असते. आज्ञाभंग आणि अदब एकाच खोलीत बसतात.

सुरुवात क्षुल्लक गोष्टींनी झाली. शाळांमध्ये रोज सकाळी झेंड्याला फॅसिस्ट धाटणीची हात पुढे करून सलामी द्यायची होती. ती हळूहळू विरून गेली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये पेताँच्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या वर्धापनदिनी दुपारी बारा वाजता चर्चची घंटा वाजवावी, असा हुकूम आला. घंटा वाजवणारी आमेली नावाची एक लहानखुरी बाई होती. त्रोक्मे यांनी तिला वाजवू नकोस म्हणून सांगितले. उन्हाळ्याला आलेल्या काही पाहुण्या बायका येऊन तिच्यावर दबाव आणू लागल्या तेव्हा घंटा मार्शलची नाही, देवाची आहे, असे सांगून ती दारात उभी राहिली. घंटेवरून कोणी जीव गमावत नाही. पण नाही म्हणायची जीभ अशाच गोष्टींवर तयार होते, असे त्रोक्मे यांना वाटे, आणि पुढचे पाहता ते खरे वाटते.

त्या आधीच्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, पाळकाच्या घराचे दार वाजले होते. माग्दाने उघडले. दारात एक जर्मन ज्यू बाई होती. पायात पातळ चपला, अंगावर बर्फ. आत येऊ का, असे तिने विचारले. अर्थातच, या की, असे माग्दा म्हणाली. तिला चुलीपाशी बसवले, चपला वाळत घातल्या. त्या चुलीजवळ जास्तच राहिल्या आणि जळून गेल्या. युद्धकाळात चपला मिळवणे ही मोठी कामगिरी होती, ती माग्दाने गावातून पार पाडली. मग ती सरळ पंचायतीत गेली. बाईला कागदपत्रे हवीत, मदत करा. गावच्या महापौराने नकार दिला. एका परक्या बाईसाठी तुम्ही साऱ्या गावाला धोक्यात घालणार का? तिला उद्याच्या उद्या बाहेर काढा. माग्दाला तिला पुढच्या ठिकाणी पाठवावे लागले. त्या दिवसापासून माग्दाने परवानगी मागणे सोडून दिले.

महापौराचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. तो या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. मी सोसेन हे म्हणणे एक, आणि माझ्या भल्या कामाचा दंड माझ्या शेजाऱ्याच्या पोरांनी भरावा हे वेगळे. मंडळीतल्या कोणालाही, तुझ्या घरी ज्यू ठेव, असा हुकूम पाळकांनी दिल्याचे दिसत नाही. काम घरोघर स्वतंत्रपणे चाले. शेजारच्या घरात कोण आहे, हे विचारायचे नाही, कळले तरी बोलायचे नाही. ख्रिस्ती अभ्यासमंडळांचे तरुण निरोप पोचवत, पण पूर्ण यादी कोणाकडेच नव्हती. छळ झाला तरी सांगायला फारसे काही नसावे, हाही त्यामागचा हिशेब.

पुढची पायरी मार्सेमध्ये ठरली. त्रोक्मे तिथे अमेरिकन क्वेकर बर्न्स चामर्स यांना भेटायला गेले. ग्युर्स आणि रिव्हझाल्तसारख्या नजरकैदेच्या छावण्यांत जाऊन काम करण्याची त्यांची इच्छा होती. चामर्स यांनी उलटे सुचवले. मुलांना छावणीतून काढता येते, पण ठेवायला गाव मिळत नाही. तुम्ही ते गाव होता का? त्रोक्मे यांना बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली शरणपुरे आठवली, निर्दोष माणसाला सूडापासून आसरा मिळावा म्हणून राखून ठेवलेली नगरे. मराठी ख्रिस्ती माणसाला हे नाव परके नाही. नाशिकजवळ मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले जिथे वाढली त्या वसाहतीचे नाव शरणपूरच होते. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तिथे शिकलेला जेकब वेनराइट होता.

क्वेकरांचा पैसा, स्विस मदतसंस्थेची घरे, मादलेन बारो यांच्या ‘सिमाद’ संघटनेचे कार्यकर्ते, आणि पठारावरच्या बारा-तेरा मंडळ्यांचे पाळक असे सारे मिळून काम उभे राहिले. ला गेस्पी, लाब्रिक, फाइदोली, ले ग्रियों, मेझों दे रॉश अशी वसतिगृहे. सर्वांत मोठा वाटा मात्र एकाकी मळ्यांचा. तिथले अनेक शेतकरी डार्बी पंथाचे. पाळक न मानणारे, जुना करार तोंडपाठ असणारे. अंडी मागायला आलेली एक बाई ज्यू आहे असे कळताच घरमालकिणीने नवऱ्याला आणि मुलांना हाका मारून बोलावले, बघा, देवाच्या निवडलेल्या लोकांपैकी एक आपल्या घरी आली आहे. त्या बाईची आधी घाबरगुंडी उडाली असणार.

खोट्या कागदपत्रांचे काय? ऑस्कर रोझोव्स्की हा नीसहून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा ज्यू मुलगा. त्याला डॉक्टर व्हायचे होते, पण ज्यूंवरच्या बंदीमुळे प्रवेश मिळाला नव्हता. एका मळ्यात लपून तो शिक्के, ओळखपत्रे आणि शिधापत्रिका तयार करी, आणि कागद मधमाश्यांच्या पोळ्यांच्या पेट्यांत ठेवी. हजारो माणसांना त्याची कागदपत्रे पुरली. खोटे बोलू नको ही आज्ञा मानणाऱ्या गावात हे चालले होते, आणि पाळकांना त्याची टोचणी होती. पण त्यांनी एक भेद केला, जो मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या सुटकेसाठी ते खोटी सही करायला तयार नव्हते. दुसऱ्याच्या जिवासाठी खोटा कागद बनत असेल तर तो थांबवायलाही तयार नव्हते. सोसण्याची मुभा माणसाला आपल्यापुरतीच आहे. पाहुण्याच्या वतीने हुतात्मा होता येत नाही.

पुढे १९४४ मध्ये त्रोक्मे स्वतः बेगे या खोट्या नावाने लपून राहत असताना ल्योंच्या स्टेशनवर जर्मनांनी त्यांना पकडले. बरोबर मुलगा जाक होता. नाव विचारले तर खरे सांगायचे, असे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवले. खिशातला कागद खोटा असला तरी तोंडाने ते नाव उच्चारणे त्यांना जमणार नव्हते. नाव विचारण्याआधीच मुलाला आणण्याच्या निमित्ताने गर्दीत शिरून ते खांबाआडून निसटले. या हट्टाने जीव गेला असता तर आपण त्याला थोर म्हटले असते की वेडगळ, मला सांगता येत नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये खेळ उघड झाला. जुलैच्या १६ आणि १७ तारखेला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनीच तेरा हजारांहून अधिक ज्यू पकडले होते. लहान मुलांसकट अनेकांना सायकल-शर्यतींच्या बंदिस्त मैदानात दिवसच्या दिवस कोंडले होते. १० ऑगस्टला व्हिशीचे युवककल्याण मंत्री झॉर्ज लामिराँ शाँबोंला आले. स्वागत थंडगार झाले. समारंभानंतर काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती पत्र दिले. पॅरिसमध्ये काय झाले ते आम्हाला कळले आहे. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही त्यांच्यात आणि इतरांत फरक करत नाही, आणि त्यांना हवाली करण्याचा हुकूम आला तर आम्ही त्यांना लपवू. पत्राचा रोख असा होता. मंत्री पांढरेफटक पडून निघून गेले. बरोबर आलेले जिल्ह्याचे प्रीफेक्ट रोबेर बाक पाळकांवर संतापले. ज्यू कोण हे आम्हाला ठाऊक नाही, आम्ही फक्त माणसे ओळखतो, असे उत्तर त्रोक्मे यांनी त्यांना दिल्याचे सांगतात.

मराठी वाचकाला इथे सत्याग्रह आठवेल, आणि साम्य आहेच. पण सत्याग्रहीला लपवायचे काही नसते. इथे अर्धे उघड होते आणि अर्धे झाकलेले. ज्यू आहेत हे मंत्र्याला सांगायचे, कुठे आहेत हे मेलो तरी सांगायचे नाही.

दोन आठवड्यांनी पोलीस आले. मोटारसायकली आणि माणसे भरून न्यायला रिकाम्या बसगाड्या. त्रोक्मे यांच्याकडे यादी मागितली. माझ्याकडे नाही, असली तरी देणार नाही, कारण मी या लोकांचा मेंढपाळ आहे, असे त्यांनी सांगितले. रात्रीतून निरोप गेले, मुले रानात पांगली. पोलीस आठवड्यांमागून आठवडे कोठारे आणि तळघरे उचकत राहिले आणि जवळपास रिकाम्या हाताने परतले. पहिल्या दिवशी बसमध्ये एकच माणूस बसलेला होता. गावकरी एकेक करून खिडकीपाशी जात आणि त्याच्या हाती काही ना काही देत. त्रोक्मे यांच्या थोरल्या मुलाने, झाँ-पिएरने, आपल्याजवळचा नकली चॉकलेटचा शेवटचा तुकडा दिला. खरे चॉकलेट तेव्हा कोणाकडेच नव्हते.

१३ फेब्रुवारी १९४३ च्या संध्याकाळी दोन पोलीस अधिकारी त्रोक्मे यांना अटक करायला आले तेव्हा ते घरी नव्हते. अधिकारी थांबले. त्रोक्मे आले, कपड्यांची पेटी भरायची होती, जेवायची वेळ झाली होती. माग्दाने अधिकाऱ्यांनाही पानावर बसायला सांगितले. नवऱ्याला न्यायला आलेल्यांना तू जेवू कशी घालतेस, असे पुढे लोक तिला विचारत. जेवणाची वेळ होती, सगळ्यांना भूक लागली होती, यात विचार कसला करायचा, असे तिचे उत्तर असे. बातमी फुटली, आणि गावकरी भेटी घेऊन येऊ लागले. सार्डिनचा डबा, सॉसेज, मेणबत्ती. मेणबत्ती होती पण काडीपेटी नव्हती, तेव्हा अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने खिशातून आपली काढून दिली. कोणी शौचकागदाची गुंडाळी दिली होती. छावणीत उलगडल्यावर दिसले की, तिच्यावर पेन्सिलीने बायबलची वचने लिहिली आहेत. बाहेर बर्फात दुतर्फा उभ्या राहिलेल्या लोकांनी लूथरचे जुने स्तोत्र गायले. तिथून ते सें-पोल देझोला गेले आणि पुढची सहीची हकिकत आपण पाहिलीच.

खरी किंमत त्यानंतर पडू लागली. आंद्रे यांचे नात्यातले दानिएल त्रोक्मे, वय एकतीस, पदार्थविज्ञानाचे शिक्षक. दृष्टी अधू, हृदय कमजोर. आधी ले ग्रियों या मुलांच्या घराचे आणि मग थोरल्या विद्यार्थ्यांच्या मेझों दे रॉशचे प्रमुख. शाँबोंला येताना त्यांनी आईवडिलांना लिहिले होते की, साहसाची हौस म्हणून हे काम पत्करत नाही. पुढे स्वतःची लाज वाटू नये म्हणून पत्करतो आहे. २९ जून १९४३ च्या पहाटे गेस्टापोने मेझों दे रॉशला वेढा घातला. दानिएल त्या रात्री ले ग्रियोंमध्ये होते. मागे जंगल होते आणि निसटायला वेळही होता. विद्यार्थी माझ्या जबाबदारीवर आहेत म्हणून ते गेले नाहीत.

माग्दा कमरेला एप्रन बांधलेल्या अवस्थेत घरात शिरली. स्वयंपाकीण समजून जर्मनांनी तिला येऊ दिले. एकेका विद्यार्थ्याला चौकशीच्या खोलीत नेताना ते तिच्या कानात घरचे पत्ते आणि निरोप कुजबुजत होते. त्यांच्यात एक स्पॅनिश मुलगा होता. त्याने काही दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला वाचवले होते. माग्दा सायकल हाणत गावातल्या हॉटेलात गेली, तिथे विश्रांतीला आलेल्या जर्मनांना गाठले आणि साक्षीला घेऊन आली. तो मुलगा सुटला. बाकीचे अठरा विद्यार्थी आणि दानिएल यांना घेऊन गाड्या गेल्या. त्यांतले ज्यू विद्यार्थी पूर्वेकडे पाठवले गेले, आणि काही परतलेच नाहीत. ज्यूंचा इतका कैवार घेणारा हा स्वतःच ज्यू असावा, असा गेस्टापोचा दानिएलवर संशय होता. कोंपिएन्य, बुखेनवाल्ड, डोरा या मार्गाने ते पोलंडमधल्या मायदानेकला पोचले आणि एप्रिल १९४४ मध्ये तिथेच वारले.

गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए, पूर्वी आफ्रिकेत लांबारेनेला श्वाइट्झर यांच्या रुग्णालयात काम केलेले, ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले. २० तारखेला ल्योंजवळ सें-झनी-लावाल इथे इतर शंभराहून अधिक कैद्यांबरोबर त्यांना मारण्यात आले. पठार मुक्त व्हायला तेव्हा दोनच आठवडे उरले होते. त्याच महिन्यात त्रोक्मे यांचा झाँ-पिएर चौदाव्या वर्षी घरातच एका अपघातात गेला. या दुसऱ्या मृत्यूचा भल्या कामाशी काही संबंध नव्हता, आणि पेत्राचे पत्र त्याला पुरे पडत नाही. त्रोक्मे यांच्या श्रद्धेवर पडलेला तो घाव अखेरपर्यंत भरला नाही.

योगायोगाची एक गोष्ट. १९४२ च्या उन्हाळ्यात क्षयाने आजारी असलेले आल्बेर काम्यू उपचारासाठी याच पठारावर, शाँबोंपासून थोड्याच अंतरावर ल पानलिए इथे येऊन राहिले होते आणि ‘प्लेग’ ही कादंबरी लिहीत होते. देव न मानणारा डॉक्टर साथीत रोजचे काम का करत राहतो, हा त्यांचा प्रश्न. पलीकडच्या घरांत देव मानणारी माणसे रोज तेच करत होती, आणि त्यांच्यातल्या माग्दाने दिलेली उत्तरे त्या डॉक्टरच्या उत्तरांहून फारशी वेगळी नव्हती.

पठार मुक्त झाल्यावर गावाजवळ ठेवलेल्या जर्मन युद्धकैद्यांनाही त्रोक्मे उपदेश करायला जाऊ लागले. ज्यांनी तीन वर्षे जीव धोक्यात घातला त्यांतल्याही कित्येकांना हे सहन झाले नाही. १९४० च्या निवेदनात द्वेष नको असे म्हटले होते, पण ते वाक्य तेव्हा कोणाला जड गेले नव्हते.

पठारावर आसरा मिळालेल्यांची संख्या साधारण पाच हजार सांगतात, त्यांत तीन ते साडेतीन हजार ज्यू. नक्की आकडा काढणे अवघड, कारण नोंदी ठेवायच्याच नव्हत्या. १९७१ मध्ये इस्राएलच्या याद व्हाशेम या स्मारकसंस्थेने त्रोक्मे यांना ‘राष्ट्रांतील नीतिमान’ म्हणून गौरवले, आणि त्याच वर्षी ते जिनिव्हाला वारले. दानिएलना हा मान १९७६ मध्ये मिळाला, माग्दाला १९८४ मध्ये. १९७९ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ फिलिप हॅली यांनी लिहिलेल्या पुस्तकाने शाँबों जगभर गाजले, तसे पठारावर कुरबुरी सुरू झाल्या. सगळे श्रेय एका पाळकाला आणि एका गावाला का? आजूबाजूच्या गावांचे काय, कॅथलिक शेजाऱ्यांचे काय, डार्बी शेतकऱ्यांचे काय? तक्रार रास्त होती. १९९० मध्ये याद व्हाशेमने सन्मानपत्र दिले ते शाँबों आणि आसपासच्या साऱ्या गावांच्या रहिवाशांना मिळून, कोणाचेही नाव न घालता. मळ्यांवरच्या बऱ्याच म्हाताऱ्यांनी तोवर आपल्या नातवंडांनाही काही सांगितले नव्हते. विचारायला आलेल्या अभ्यासकांना ते आधी कॉफी देत, आणि मग यात सांगण्यासारखे काय आहे, असे म्हणत.